लेबल 35 अंशांचं, गाव 46 अंशांचं

एसीवर थंड करण्याची जी क्षमता छापलेली असते, ती बाहेर 35 अंश आणि खोलीत 27 अंश तापमान धरून मोजलेली असते. हे मला कळलं तेव्हा मार्च सरत आला होता आणि आमच्याकडे दुपार व्हायच्या आतच पारा 35 ओलांडत होता. हिंगणघाटच्या पुढे, वणा नदीच्या अंगाला आमचं गाव. एप्रिलच्या मध्यापासून दुपारी 42-43, मे महिन्यात 45-46, आणि मेअखेरीस नवतपा लागला की रात्रसुद्धा तिशीच्या खाली यायला तयार नसते. नागपूरला मे 2013 मध्ये 47.9 अंशांची नोंद झाली होती. म्हणजे ज्या दिवसांसाठी आपण एसी घ्यायला निघतो, नेमक्या त्याच दिवसांत लेबलवरचा आकडा लागू पडत नाही. दुकानात यावर कोणी बोलत नाही. रंग, हप्ता आणि मोबाइलवरून चालणारं बटण यांच्यावर मात्र भरपूर बोलतात. म्हणून हे लिहायला घेतलं.

एसीचा विषय घरात आला तो बाबांमुळे. लकवा झाल्यापासून त्यांची उजवी बाजू गेली. ज्या माणसाने जन्मभर वैशाखातली तपन डोक्यावर घेऊन वावरात वखर चालवला, त्याला आता कूस बदलायला दुसऱ्याचा हात लागतो. तहान लागली तरी शब्द नीट फुटत नाही. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की म्हातारपणी घाम कमी येतो, तहानेची जाणीव मंदावते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या अंगातलं पाणी नि मीठ आणखी कमी करतात. धडधाकट माणूस उठून सावलीत जातो, माठातलं पाणी पितो, डोक्याला ओला दुपट्टा बांधतो. पलंगावरच्या माणसाला यातलं काहीच करता येत नाही. त्याच्यासाठी खोलीची हवाच बदलावी लागते.

आईला हे पटत नव्हतं. "एसी कायले पायजे? कूलर आहे नं," ती म्हणाली. "तेवढ्या पैशात वाडीत बोअर झाली असती." तिच्या बोलण्यात दम आहे. विदर्भात राहून कूलरला कमी लेखणाऱ्याला इथली हवाच कळलेली नाही.

मे महिन्याच्या दुपारी आपल्याकडची हवा कोरडी ठक्क असते. समजा बाहेर 45 अंश आहे आणि हवेतली आर्द्रता 15 टक्के. अशा हवेत पाणी वेगाने उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. या हवेला पाण्याने जास्तीत जास्त थंड करायचं म्हटलं तर ती साधारण 24 अंशांपर्यंत उतरू शकते. वुडवूलच्या ताट्या नव्या असल्या, पाणी सगळीकडून सारखं झिरपत असलं, तर लोखंडी कूलरच्या जाळीतून 29-30 अंशांची हवा येते. बाहेर 45 आणि तोंडावर 29, तेही एका मोटरच्या नि छोट्या पंपाच्या विजेवर! ताशी पाच लिटर पाणी उडालं तर हवेतून जवळपास एक टनाच्या एसीइतकी उष्णता ओढली जाते. ही करामत मुंबईत होणार नाही, कोकणात तर नाहीच. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात ती होते, आणि म्हणूनच इथे पत्र्याच्या घरापासून कलेक्टर कचेरीपर्यंत खिडकीला कूलर लटकलेला दिसतो. एप्रिलच्या आधी तो माळ्यावरून उतरवणं, जुन्या ताट्या उपसून नव्या भरणं, टाकीला आतून डांबर नाहीतर रंग मारणं हे आपल्याकडे घराघरातलं काम आहे.

कूलरचं पाणी मात्र कुठून तरी यावं लागतं. मे महिन्यात विहीर तळाला लागली की कूलर आधी पाणी पितो का माणूस, हा प्रश्न बाईमाणसाला पडतो, कारण कळशी तीच आणते. माझी बहीण अकोल्याकडे, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात दिली आहे. तिच्याकडे पाणी असलं तरी ते खारं. पाणी उडून जातं आणि मीठ ताटीत राहतं. उन्हाळा अर्धा होतो न होतो तोच ताट्या पांढऱ्याफटक नि कडक होतात, त्यातून हवा शिरेनाशी होते. तिथे टाकीतलं पाणी रोज थोडं सोडून द्यावं लागतं आणि ताट्या मोसमात दोनदा बदलाव्या लागतात.

दुसरी गोष्ट मला सर्वांत कळकळीने सांगायची आहे. लोखंडी डबा, ओली फरशी, अनवाणी पाय आणि नावापुरती अर्थिंग. कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात आपल्याकडे माणसं जातात, त्यात पाणी भरायला गेलेली लेकरं असतात. पाणी भरण्याआधी प्लग काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही. घराच्या बोर्डात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. ती अंगातून वीज वाहू लागली की क्षणात लाईन तोडते. एसी कोणता घ्यावा हे या लेखातून विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका.

बाबांच्या खोलीत कूलर अपुरा पडला त्याची कारणं वेगळी होती. मृगाच्या आधी ढग येऊ लागतात, हवा दमट होते, आणि कूलरचा जोर एकदम ओसरतो. 36 अंश आणि 65 टक्के आर्द्रता असली तर उत्तम कूलरही 31-32 च्या खाली आणू शकत नाही, वर अंथरूण ओलसर होतं. पडून असलेल्या माणसाच्या पाठीला ओल म्हणजे जखमेचं आमंत्रण. शिवाय कूलरला खिडकी उघडी लागते, त्या खिडकीतून गोठ्याकडची धूळ आत येते. आणि त्याचा आवाज. रात्री बाबा हाक मारतात ती इतकी क्षीण असते की घरघरीत आम्हाला ऐकूच यायची नाही. आईने एसीला होकार दिला तो या शेवटच्या कारणासाठी.

पण एसीआधी छत. आमचं जुनं घर मातीच्या जाड भिंतींचं आणि कवेलूंचं होतं. सेवाग्रामची बापूकुटी ज्यांनी भर उन्हाळ्यात पाहिली असेल, त्यांना माती, बांबू आणि कवेलू काय करतात हे सांगायला नको. पुढे आम्ही मागच्या बाजूला स्लॅबची खोली काढली, पावसात गळू नये म्हणून. गळत नाही हे खरं, पण स्लॅब दिवसभर ऊन साठवतो आणि संध्याकाळी सातपासून ते खोलीत सोडायला लागतो. बाहेर अंगणात वारा सुटलेला असतो आणि आत छताला हात लावला तर चटका बसतो. अशा छताखाली एसी लावला तर तो अर्धी रात्र माणसाला थंड करत नाही, सिमेंटला करतो. आम्ही गच्चीवर चुन्याचे जाड हात दिले. पश्चिमेच्या भिंतीपुढे बल्ल्या रोवून हिरवी जाळी ताणली. गच्चीवर तुराट्यांचा थरही टाकता येतो, गावात बरेच जण टाकतात, पण जवळून लाईनची तार जात असेल तर ते टाळावं. वाळलेल्या तुराट्यांना ठिणगी पुरते. चुना आणि जाळी एवढ्यानेच संध्याकाळचा छताचा तो जळजळीतपणा पुष्कळ कमी झाला. ज्यांना एसी घेणं शक्य नाही, ज्यांच्या डोक्यावर टिन आहे, त्यांनी निदान चुना माराच. पांढरं छत ऊन परत फेकतं. विजेचं बिल शून्य.

मग टनाचा हिशेब. एक टन म्हणजे खोलीतून साधारण 3.5 किलोवॅट उष्णता बाहेर नेण्याची ताकद. दहा बाय बाराच्या खोलीला एक टन पुरतो असा सर्रास सल्ला मिळतो, आणि वर दुसरा मजला असेल, भिंती सावलीत असतील, तर तो पटण्यासारखा आहे. पण थेट स्लॅबखालची, पश्चिमेला भिंत असलेली खोली आणि बाहेर 45 अंश, इथे तो एक टन दुपारी हात टेकतो. याचं कारण लेबलच्या त्या 35 मध्ये आहे. बाहेरची हवा जितकी तापलेली, तितकं यंत्राला आपली उष्णता बाहेर टाकणं अवघड. 46 अंशांना त्याच यंत्राची थंडाई घटते आणि वीज मात्र वाढते. खोलीला जेव्हा जास्त हवं असतं तेव्हाच ते कमी देतं. म्हणून आम्ही दीड टन घेतला. थंड खोलीचा हव्यास म्हणून हे केलं नाही. लेबलवरचा दीड आमच्या मे महिन्यात दीड उरत नाही, हे धरून केलं.

दुकानात एकच प्रश्न चिकाटीने विचारावा असं मला वाटतं: बाहेर 46 अंश असताना याची क्षमता किती? आंतरराष्ट्रीय मानकांत यासाठी वेगवेगळे वर्ग आहेत. 35 अंशांवरची चाचणी टी-1 म्हणतात, 46 अंशांवरची टी-3. आखाती देशांत दुसरी चालते, कारण तिथलं वाळवंट 46 ला रोजचं मानतं. आपला अकोला, चंद्रपूर, वर्धा, ब्रह्मपुरी हा पट्टा नकाशावर वाळवंट नाही, पण मे महिन्यापुरतं यंत्राला तोच मुलूख भेटतो. काही कंपन्या माहितीपत्रकात 46 अंशांवरची क्षमता वेगळी छापतात. "52 अंशांपर्यंत चालतो" असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ नीट घ्यावा. तेवढ्या उष्णतेत तो बंद पडणार नाही, एवढंच ते वाक्य सांगतं. किती थंड करेल ते वेगळं विचारावं लागतं.

वीजबचतीच्या स्टारचंही तसंच. आपल्याकडे स्टार ठरतात ते वर्षाच्या 1600 तासांच्या सरासरीवर, आणि त्या हिशेबात बाहेरचं तापमान 24 ते 43 अंश धरलेलं आहे. देशभरासाठी एक माप काढायचं तर असंच काढावं लागणार, त्याबद्दल तक्रार नाही. पण 43 च्या वरचे आपले तास त्या मापात नाहीत, हे ठाऊक असावं. तरीही मी पाच स्टारवाल्याच्या बाजूने आहे. जास्त स्टारच्या यंत्रात बाहेरच्या युनिटची जाळी बहुधा मोठी असते, आणि उष्णता टाकायला जागा जास्त असली की कडक दुपारी तेच कामी येतं. जाळी आणि नळ्या तांब्याच्या पाहून घ्याव्या. गळती लागली तर तालुक्याचा मिस्त्री तांब्याला डाग देऊ शकतो, अ‍ॅल्युमिनियमचं काम सहसा टाळतो.

एसीतला गॅस खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेरच्या युनिटमध्ये द्रव होताना ती टाकतो, पण त्याचं तर कोणी नावच काढत नाही. आर-410ए हा गॅस साधारण 71 अंशांच्या वर कितीही दाब दिला तरी द्रव होत नाही. आर-32 साठी हीच मर्यादा 78 च्या आसपास, आर-290 साठी 97 च्या जवळ. बाहेर 46, पश्चिमेच्या भिंतीजवळची हवा त्याहून तापलेली, आणि उष्णता बाहेर जायची तर नळीतला गॅस त्या हवेपेक्षाही गरम हवा. म्हणजे तो साठीच्या पुढे जातोच. मर्यादा जितकी जवळ, तितकं यंत्र दमतं. म्हणून जुन्या साठ्यातला आर-410ए स्वस्तात मिळाला तरी आपल्या भागात घेऊ नये. आर-32 आता सगळीकडे मिळतो, पृथ्वीला तापवण्याची त्याची ताकदही आर-410ए च्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच आहे. आर-290 म्हणजे प्रोपेन, उष्ण हवेत गुणी, पण पेट घेणारा. त्याचा जाणकार मिस्त्री जवळ असेल तरच त्याच्या वाट्याला जावं.

आता लाईन. शहरातल्या माणसाला एसी निवडताना ही पायरी लागत नाही, आम्हाला तिच्यापासूनच सुरुवात करावी लागते. कागदावर 230 व्होल्ट, पण आमचं घर डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, शेवटच्या खांबावर. संध्याकाळी सगळ्या घरांत मोटरी, कूलर, टीव्ही सुरू झाले की मल्टिमीटरचा काटा 170 च्या आसपास येऊन बसतो. जुन्या पद्धतीचा एसी सुरू होताना एकदम कितीतरी पट करंट ओढतो, त्याने आमचे बल्ब मिचमिचले असते आणि शेजाऱ्यांचेही. इन्व्हर्टर एसी हळूहळू वेग घेतो. वीजबचतीचं कौतुक सगळे करतात, खेड्यासाठी मला हा हळू उठण्याचा गुण जास्त मोलाचा वाटतो. डब्यावर "स्टॅबिलायझरची गरज नाही" असं असतं, त्याखाली बारीक अक्षरांत व्होल्टेजची हद्द असते ती वाचावी. आमच्या फिडरवर लाईन गेली आणि परत आली की पहिला झटका कोणत्या हद्दीत बसेल याचा नेम नाही. बाहेरच्या युनिटमधला सर्किट बोर्ड गेला तर स्टॅबिलायझरच्या कितीतरी पट खर्च येतो. 4 केव्हीएचा, खालून 140-150 व्होल्टपर्यंत उचलणारा आणि लाईन आल्यावर तीनेक मिनिटं थांबून एसीला वीज देणारा असा स्टॅबिलायझर घेतला. बोर्डापासून चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वेगळी ओढली, अर्थिंगचा खड्डा कोळसा-मीठ घालून नव्याने केला, आणि वीज कंपनीकडे मंजूर भार वाढवून घेतला.

बाहेरचं युनिट आम्ही गल्लीकडे काढलं नाही. पलीकडे काकूंचं टिनाचं घर आहे, त्यांच्या दारावर दिवसभर पन्नास अंशांची हवा फेकून आपण गारव्यात बसायचं, हे मनाला पटेना. ते उत्तरेला वाडीच्या बाजूने, निंबाच्या सावलीत, जमिनीपासून उंचावर बसवलं. सावली हवी, पण त्याभोवती पत्र्याची पेटी करू नये. गरम हवा तिथेच घुटमळते आणि यंत्र तीच पुन्हा ओढतं. गहू-हरभरा काढताना उडणारा भुसा, कापसाचे तंतू, रस्त्याची धूळ त्या जाळीत बसते. पंपाच्या हलक्या धारेने ती धुवावी, आतली फिल्टरची जाळी आठवड्याने.

वापराचंही थोडं. 2020 पासून नवे एसी चालू करताच 24 अंशांवर येतात, सरकारने तसा नियम केला आहे. आम्ही 27-28 वर ठेवतो आणि छताचा पंखा हळू फिरवतो. एक अंश वर ठेवला की साधारण सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं, पण मुख्य गोष्ट बाबांची आहे. कोरड्या हवेत पंख्याखाली 28 अंश त्यांना मानवतात, 24 ला हातपाय गार पडतात. हवा मुळात कोरडी, त्यात एसी ती आणखी कोरडी करतो. सुरुवातीच्या दिवसांत त्यांचे ओठ फुटले, एकदा घोळणाही फुटला. तेव्हापासून खोलीत पाण्याचं पसरट घमेलं असतं आणि नाकात तुपाचं बोट. कूलर आणि एसी एकाच खोलीत एकदम लावायचा मोह बऱ्याच घरी होतो, तो करू नये. एक हवेत पाणी भरतो, दुसरा तेच पाणी काढण्यात वीज घालवतो. एकाला खिडकी उघडी हवी, दुसऱ्याला बंद. आमच्याकडे पुढच्या खोलीत कूलर आहे आणि तोच घराचा उन्हाळा काढतो. एसी बाबांच्या खोलीपुरता.

पुरता म्हटलं तरी दुपारी तिथे माणसं असतात. काकू येतात, समोरचे आजोबा येतात, शेजारची बाळंतीण लेकराला घेऊन येते. आई चटई टाकून ठेवते. दार वारंवार उघडतं, थंडावा जातो, बिल वाढतं. वाढू दे. उष्माघात झाला तर सरकारी दवाखान्याच्या थंड खोलीत पोचेपर्यंत वेळ जातो आणि तो वेळच माणसाला नेतो. अहमदाबादने 2013 मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, पुढे नागपूरनेही केला. खेड्यात तसा आराखडा कोण करणार? ग्रामपंचायतीच्या एखाद्या खोलीला चुना, चांगला कूलर, माठ, आणि दमट दिवसांसाठी एक एसी, एवढं जरी झालं तरी टिनाखालच्या म्हाताऱ्यांची दुपार निघेल. मी ग्रामसभेत हा विषय मांडणार आहे.

बिलाचा भार मात्र खरा आहे. 100 आणि 300 युनिटांचे टप्पे ओलांडले की दर चढत जातो, आणि मे महिन्यात आम्ही ते ओलांडतो. त्यामुळे आता गच्चीवर सोलर घ्यायचं चाललं आहे. 2024 च्या सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. एक गोष्ट मात्र आधीच समजून घेतली: बॅटरीशिवायचं सोलर लाईन गेली की स्वतःही बंद होतं, खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ते तसं केलेलं असतं. म्हणून बाबांच्या खोलीतल्या पंख्यापुरती आणि दिव्यापुरती बॅटरी वेगळी लागेल. पॅनेल बरोबर त्यांच्याच खोलीवर, खालून वारा खेळेल एवढ्या उंच घोडीवर बसवायचे, म्हणजे स्लॅबला दिवसभर सावलीही मिळेल. आईची अट एकच आहे: कुरडया, पापड आणि सरगुंडे वाळवायला पूर्वेकडची अर्धी गच्ची मोकळी राहिली पाहिजे. नकाशा त्याप्रमाणे काढून घेतला आहे.